ओटीवरचा वाटसरू: सीतेची वेणी

1. बांडगूळ समजून कोयता उचलण्याआधी

पावसाळ्याआधी कोकणात आंब्याच्या बागा साफ करायला माणसं झाडावर चढली की एक प्रश्न ठरलेला असतो. "फांदीवर ही जाड पट्ट्यांसारखी पानं आली आहेत, हे बांडगूळच ना? छाटायचं का?" शहरातल्या सोसायटीच्या आवारातही जुन्या आंब्याकडे बोट दाखवून हाच प्रश्न विचारला जातो. पुष्कळदा उत्तराची वाट न पाहता कोयता चालतो, आणि मे-जूनमध्ये ज्या झुपक्याला हातभर लांब, गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांचा गजरा लागला असता, तो खाली पडून सुकतो.

तो झुपका सीतेच्या वेणीचा. ही एक आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा.

बांडगूळ आणि आमरी दोघांचा मुक्काम फांदीवरच, म्हणून घोटाळा होतो. पण दोघांचं वागणं अगदी वेगळं आहे. बांडगुळाचं बी चिकट असतं. फुलटोच्यासारखे पक्षी त्याची फळं खातात आणि बी फांदीवर चिकटतं. ते रुजल्यावर त्याचं शोषक मूळ साल भेदून थेट लाकडात शिरतं आणि झाडाचं पाणी व क्षार ओढून घेतं. बांडगुळाला हिरवी पानं असतात, त्यामुळे अन्न ते स्वतः तयार करतं, पण पाण्याची चोरी मात्र चालूच राहते. घराची उपमा द्यायची तर बांडगूळ हे माजघरात शिरून हंड्यातलं पाणी उपसून नेणारं आहे. सीतेची वेणी ओटीवर पथारी टाकलेल्या वाटसरूसारखी. तिला फक्त जागा हवी असते. पाणी ती पावसाचं पिते, आणि क्षार तिला सालीवर साचलेल्या धुळीतून, कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यातून मिळतात. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात: दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या, पण त्याच्यावर न जगणाऱ्या.

ओळख पटवायला एक सोपी परीक्षा आहे. झुपका फांदीला जिथे जोडलेला आहे ती जागा नीट पाहावी. बांडगूळ असेल तर तिथे फांदी गाठीसारखी फुगलेली दिसते आणि पुष्कळदा तिचं पुढचं टोक वाळत चाललेलं असतं. आमरी असेल तर पेन्सिलीएवढी जाड, चंदेरी-पांढरी मुळं सालीवरून सापासारखी पसरलेली दिसतात. त्यांच्या खालची साल मात्र शाबूत असते.

2. वनस्पतीचा पत्ता

'ऑर्किड' या शब्दाने एखाद-दुसरं फूल डोळ्यांसमोर येतं, पण ते एका प्रचंड कुळाचं नाव आहे. जगात आमरींच्या सुमारे 28,000 जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातल्या 1,256 आमरींची नोंद आहे, आणि त्यांपैकी 388 भारताबाहेर कुठेही आढळत नाहीत. सगळ्याच झाडांवर वाढतात असंही नाही. कासच्या पठारावर पावसाळ्यात डोकावणाऱ्या हबेनारिया जमिनीतून उगवतात. आइस्क्रीममधला व्हॅनिलाही एका वेलवर्गीय आमरीच्या शेंगेतून येतो.

एवढ्या गोतावळ्यात एखादी वनस्पती शोधायची तर पत्ता लागतो. वर्गीकरण म्हणजे हा पत्ताच. पत्रावर जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि शेवटी घर लिहावं, तसं इथे मोठ्या गटाकडून लहान गटाकडे यायचं. सीतेच्या वेणीचा जिल्हा म्हणजे ऑर्किडेसी हे कुळ. त्याची पाच उपकुळं आहेत. त्यांतलं एपिडेन्ड्रॉइडी सगळ्यांत मोठं, आणि सीतेची वेणी त्यातली. त्यात व्हँडी नावाचा गट, आणि त्या गटात एरिडिनी हा उपगट. त्यातली एक छोटी वाडी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस ही प्रजाती. या वाडीत जेमतेम तीन-चार घरं आहेत. थायलंडकडची निळसर फुलांची सिलेस्टिस आणि मोठ्या पानांची जायगँटिया ही त्यांतली आपल्या वेणीची शेजारची घरं.

या पत्त्याचा व्यवहारात उपयोग काय? व्हँडी गटातल्या झाडांची वाढ एकाच शेंड्याने होते. खोड वर वर जातं, पानं दोन्ही बाजूंना एकाआड एक येतात, आणि मुळं व फुलांचे तुरे पानांच्या बगलेतून फुटतात. डेन्ड्रोबियमसारख्या काही आमरींना बुंध्याशी दरवर्षी नवे कोंब येतात आणि त्यांच्या फुगीर दांड्यांत पाणी साठतं. सीतेच्या वेणीकडे अशी पाण्याची टाकी नाही. तिचा सगळा साठा जाड पानांत आणि मुळांत असतो. म्हणून 'व्हँडी' हा पत्ता वाचला की जाणकार माळ्याला पाणी कसं द्यायचं आणि शेंडा का जपायचा हे न सांगता कळतं.

3. एका नावाचा साडेतीनशे वर्षांचा प्रवास

या झाडाची छापील नोंद कोचीत जमवलेल्या माहितीतून झाली. सतराव्या शतकात डच मलबारचा गव्हर्नर असलेल्या हेन्ड्रिक व्हान रेडे याने तिथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. माहिती देणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते. त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे, आणि पुष्कळ चित्रांवर वनस्पतींची नावंही नागरीत कोरलेली आहेत. युरोपात छापलेल्या ग्रंथात इतक्या आधी आपली लिपी दिसते ती या वैद्यांच्या झाडपाल्याच्या ज्ञानामुळे, हे मराठी आणि कोकणी वाचकांना ठाऊक असायला हवं.

बाराव्या खंडात आपली आमरी 'आंजेली मरवारा' या नावाने येते. आंजिली म्हणजे कोकणातला पाटफणस. ज्या झाडावर ती दिसली त्याचंच नाव तिला मिळालं. रेडेला मात्र हा खंड छापलेला पाहता आला नाही. 1691 मध्ये सुरतेकडे जाताना मुंबईजवळच्या समुद्रात त्याचा मृत्यू झाला.

पुढे 1753 मध्ये कार्ल लिनियसने या वर्णनाच्या आधाराने तिला एपिडेन्ड्रम रेट्युसम हे नाव दिलं. एपिडेन्ड्रम याचा अर्थ 'झाडावरचं'. त्या काळी झाडावर वाढणाऱ्या आमरी या एकाच नावाखाली घातल्या जात होत्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांचं आडनाव एकच मानावं, तसा हा प्रकार. 1825 मध्ये कार्ल लुडविग ब्लूम याने फुलांची रचना बारकाईने पाहून तिच्यासाठी ऱ्हिंकोस्टायलिस ही नवी प्रजाती मांडली. ब्लूम त्या काळात जावामधल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात काम करत होता. ऱ्हिंकोस म्हणजे चोच, आणि स्टायलिस म्हणजे स्तंभ. फुलाच्या मधोमध असलेल्या दांड्याचा आकार चोचीसारखा, म्हणून हे नाव. रेट्युसा म्हणजे बोथट, खाचेदार टोकाचं. पानाचं टोक जवळून पाहिलं तर ते कोणी कुरतडल्यासारखं दिसतं.

जुन्या पुस्तकांत हीच वनस्पती सॅकोलेबियम गटॅटम या नावानेही भेटते. गटॅटम म्हणजे ठिपकेदार. नावं वेगळी असली तरी झाड एकच. नियम असा की जातीला पहिल्यांदा दिलेलं नाव शक्यतो टिकवायचं आणि प्रजाती बदलली की पहिल्या नामकर्त्याचं नाव कंसात ठेवायचं. म्हणून आजही तिच्या पूर्ण नावापुढे कंसात लिनियसच्या नावाचं आद्याक्षर येतं आणि मग ब्लूमचं नाव.

लोकांनी मात्र इतका खटाटोप न करता थेट फुलोऱ्याकडे पाहून नाव दिलं. इंग्रजीत तिला कोल्ह्याच्या शेपटीची उपमा मिळाली. आसामीत ती 'कपौ फूल', म्हणजे होल्याचं फूल. मराठीत सीतेची वेणी. या तिन्हींत मराठी नावच सगळ्यांत नेमकं आहे, कारण हा फुलोरा खरोखर पाठीवर सोडलेल्या, फुलं माळलेल्या वेणीसारखा लोंबतो.

4. एक फूल हातात घेऊन

तुरा साधारण 30 ते 60 सेंटिमीटर लांब असतो. चांगल्या पोसलेल्या झाडावर एका तुऱ्यात शंभराहून जास्त फुलं येतात. प्रत्येक फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं, पांढरं, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके.

यातलं एक फूल हातात घेतलं तर आमरी कशाला म्हणायचं हे कळतं. बाहेरच्या बाजूला तीन निदलं आणि आत तीन पाकळ्या. या तीनपैकी एक पाकळी निराळी असते, गडद जांभळ्या-गुलाबी रंगाची आणि मागच्या बाजूला पिशवीसारखी फुगलेली. हिला ओठ म्हणतात. कीटकाला उतरण्यासाठी ती पायरी असते. दुसरी खूण म्हणजे मधला स्तंभ. जास्वंदीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे दिसतात, आमरीत ते एकजीव होऊन एकच दांडा बनतो. तिसरी खूण परागांची. ते पुडीसारखे सुटे नसतात, त्यांचे मेणासारखे गोळे होतात. कीटक ओठावर उतरून आत वाकला की गोळे चिकट चकतीसकट त्याच्या अंगाला चिकटतात आणि दुसऱ्या फुलावर पोचतात. सगळा माल एकाच पोत्यात भरून पाठवण्याचा हा व्यवहार आहे. गोळा योग्य ठिकाणी पोचला तर एका फेरीत हजारो बिया धरतात, नाही पोचला तर त्या फुलाचं काहीच हाती लागत नाही.

सह्याद्रीत आणखी काही आमरींचे तुरे लोंबताना दिसतात, विशेषतः एरिडिसचे. फरक दाटीचा. सीतेच्या वेणीत फुलं इतकी खेटून असतात की मधला दांडा जवळजवळ दिसतच नाही.

5. मातीविना मूळ

आंब्याच्या फांदीवर माती नाही, आणि कोकणात पाऊस चारच महिने. उरलेले आठ महिने हे झाड जगतं कसं?

पहिलं उत्तर मुळांवरच्या पांढऱ्या आवरणात आहे. त्याला व्हेलामेन म्हणतात. मृत, पोकळ पेशींचा हा थर टीपकागदासारखा वागतो. पावसाची सर आली की तो भराभर पाणी शोषतो आणि आतल्या जिवंत मुळाला सावकाश देत राहतो. कोरडा असताना पेशींत हवा असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. भिजल्यावर थर पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. होय, या मुळांत हरितद्रव्य असतं. ती उजेडात असल्याने थोडंफार अन्नही बनवतात.

दुसरं उत्तर पानांत. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण त्या दारातून पाण्याची वाफ निसटून जाते. या गटातल्या जाड पानांच्या आमरी दारं रात्री उघडतात. हवा थंड असते, वाफ कमी जाते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून, सूर्यप्रकाशात त्याचं अन्न शिजवायचं. कोकणात पाऊस सुरू होण्याआधी आगोटीची बेगमी करून ठेवतात आणि मग पावसात दार लावून घरातल्या घरात चूल पेटते, तशीच ही सोय. फक्त इथे बेगमी रोज रात्री होते. याची किंमत म्हणजे संथ वाढ. वर्षाला जेमतेम काही पानं. म्हणून हातभर रुंद झुपका दिसला तर त्यामागे कितीतरी पावसाळे आहेत हे ओळखावं.

6. धुळीएवढं बी आणि त्याचा सोबती

आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. भाताच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, आमरीच्या बियांत ती नसते. त्यामुळे बी वाऱ्यावर दूर जातं, पण रुजण्यासाठी त्याला सालीवर एका विशिष्ट बुरशीची गाठ पडावी लागते. बुरशीचे तंतू बियांत शिरतात आणि सुरुवातीचं अन्न त्यांच्यामार्फत मिळतं. हे कोडं फ्रान्सच्या नोएल बर्नार्डला 1899 मध्ये उलगडलं. 1922 मध्ये अमेरिकेतल्या लुईस नड्सनने दाखवलं की साखर आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक जेलीवर बुरशीशिवायही बी रुजवता येतं. आज रोपवाटिकांत बाटल्यांमधून मिळणारी लाखो रोपं याच युक्तीची.

निसर्गात हा हिशेब किती कडक आहे ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका झाडाला वर्षाला एकच शेंग धरली, तिच्यात 1 लाख बिया होत्या आणि झाड 20 वर्षं असं फळत राहिलं. एकूण बिया झाल्या 20 लाख. त्या झाडाच्या जागी एक झाड उभं राहायला त्यांतली एक बी तगली तरी पुरे. म्हणजे 20 लाखांत एक. त्या एका बीला खडबडीत साल, ओलावा, विरळ सावली आणि बुरशी हे सगळं एकाच जागी सापडावं लागतं. ते सापडतं जुन्या झाडांवर.

7. राहण्याची ठिकाणं

सीतेच्या वेणीचा पसारा मोठा आहे: श्रीलंका, भारत, नेपाळ, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया ते फिलिपिन्स. महाराष्ट्रात ती कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर जंगलांत दिसते, आंबोलीच्या परिसरात आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात. गोव्याच्या जंगलांतही आहे. आंबा, फणस, ऐन, जांभूळ अशा खरखरीत सालीच्या झाडांवर ती सुखाने राहते. निलगिरीसारख्या, साल टाकणाऱ्या झाडावर तिला टिकता येत नाही, कारण सालीबरोबर मुळंही निघून येतात.

आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं हे राज्यपुष्प. एप्रिलच्या मध्यावर बोहाग बिहू येतो तेव्हा आसामात तिचा बहर असतो आणि बिहू नाचणाऱ्या मुली कपौ फुलाचा तुरा अंबाड्यावर माळतात. आपल्याकडे बहर थोडा उशिरा, साधारण मे ते जुलै.

सगळ्याच आमरींचा समावेश साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांत आहे, म्हणजे परवान्याशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. राखीव जंगलातून झाड काढणं हा तर गुन्हाच. आणि खरा घाव पडतो तो रस्त्याकडेचे जुने आंबे-फणस तोडले जातात तेव्हा. नवं रोप लावलं तरी त्याची साल आमरीला धरण्याजोगी व्हायला कित्येक वर्षं जातात.

8. घरी वाढवायची असेल तर

पहिली चूक ठरलेली असते: कुंडी, माती, शेणखत. मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. रोपवाटिकेतून आणलेलं रोप खरखरीत लाकडाच्या ओंडक्यावर, किंवा कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचं सोडण घातलेल्या लाकडी टोपलीत बांधावं. अंगणात आंबा असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची विरळ सावली तिला मानवते. गच्चीवर 50 टक्क्यांची शेडनेट पुरेशी होते.

पाणी किती द्यायचं याचं उत्तर घड्याळात नाही, मुळांत आहे. मूळ चंदेरी झालं की पाणी द्यावं, हिरवं दिसत असेल तर थांबावं. एप्रिलच्या उन्हाळ्यात ओंडक्यावरच्या रोपाला सकाळी रोज पाणी लागेल, टोपलीतल्याला कदाचित एक दिवसाआड. भर पावसाळ्यात पाऊस लागणाऱ्या जागी काहीच द्यायला नको. थंडीत प्रमाण कमी. पाणी मुळांना द्यावं. पानांच्या बेचक्यात साचून राहिलं तर शेंडा कुजतो. हिला वाढायला शेंडा एकच असल्याने तो गेला की झाडाची वाढ थांबते.

खत अगदी पातळ हवं. विद्राव्य खताच्या पुडीवर एका लिटरला 4 ग्रॅम लिहिलं असेल तर आमरीसाठी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे 1 ग्रॅम घ्यावा. अर्ध्या लिटरच्या फवारणीच्या बाटलीत अर्धा ग्रॅम झाला. वाढीच्या दिवसांत आठवड्याला एक फवारा पुरतो, पण तोही मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून. रोप एकदा बसलं की हलवू नये. मोडलेली मुळं भरून यायला तिला फार वेळ लागतो, आणि त्या वर्षाचं फूल बहुधा जातं. बाटलीतून आलेल्या रोपाला फुलायला चार-पाच वर्षं किंवा त्याहून अधिक लागतात. तेवढा धीर नसेल त्याने फुलावर आलेलं मोठं रोप घ्यावं, पण ते रोपवाटिकेचं आहे याची खात्री करून. घाटातल्या रस्त्याकडेला साल चिकटलेल्या मुळांसकट विकायला ठेवलेलं झाड जंगलातून ओरबाडलेलं असतं. ते घेऊ नये.

वादळात मोडलेल्या फांदीवर झुपका दिसला आणि फांदी जंगलातली असेल तर वनखात्याला कळवावं. स्वतःच्या आवारातली असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी तो झुपका दुसऱ्या आंब्याच्या खोडावर, वाऱ्याच्या माऱ्यापासून आडोसा असलेल्या बाजूला, शेंडा मोकळा ठेवून सुतळीने घट्ट बांधावा. नायलॉनची दोरी वापरू नये. सुतळी कुजून गळून पडेपर्यंत नव्या मुळांनी साल धरलेली असते.